एक घर जोडून ये

सोलापूर,
गुढीपाडवा

चि. सई हिस,


तुमच्या सहलीचं वेळापत्रक तुझ्या आईने मला पाठवलं. आधी पेइचिंग, मग रेल्वेने शीआन. शीआनमध्ये तुमच्या जोडशाळेत वर्ग आणि मुक्काम त्याच शाळेतल्या मुलामुलींच्या घरी. तुला जिच्या घरी राहायचं आहे ती मुलगी तुझ्याच वयाची, आठवीतली आहे आणि घरात आईवडिलांबरोबर तिची आजीही असते, हे वाचून मला फार बरं वाटलं. भिंत, राजवाडा, मातीचे सैनिक हे सगळं तू पाहशीलच. पण ह्या सहलीतली सर्वांत मोलाची जागा ते घर आहे.

इंग्लंडमधल्या शाळांत मँडरिनचा खास कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला. तू त्यात सातवीपासून आहेस आणि आठवड्याचे आठ तास ह्या भाषेला देते आहेस. मी ही भाषा दिल्लीत शिकले आणि निवृत्त होईपर्यंत शिकवली. भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानं २०२० साली बंद झाली, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षांत माझे कितीतरी विद्यार्थी उत्तम चिनी शिकूनही चीनचं तोंड न बघता पदवीधर झाले. त्यांच्या वाट्याला जे आलं नाही ते तुला चौदाव्या वर्षी मिळतं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. निघण्याआधी आईबरोबर बसून सावकाश वाच.

पहिली आणि मुख्य गोष्ट. परत आलीस की प्रत्येक जण विचारेल, "मग, चीन कसा आहे?" ह्या प्रश्नाचं उत्तर शोधत फिरू नकोस. एकशे चाळीस कोटी माणसांच्या देशाबद्दल दोन आठवड्यांत मत होत नाही, आणि झालंच तर ते आपण जाताना बरोबर नेलेलं असतं. पण दोन आठवड्यांत एका मुलीशी मैत्री होते. तिला कोणता विषय जड जातो, ती कशावर खळखळून हसते, तिची आजी सकाळी उठून काय करते, हे कळू शकतं. चीन कसा आहे हे तुला सांगता आलं नाही तरी चालेल. त्या घरातली माणसं कशी आहेत हे सांगता आलं तर तुझं जाणं सार्थकी लागलं असं मी म्हणेन. पुढे जे काही लिहिलं आहे ते सगळं ह्या एका गोष्टीसाठी.

त्या घरात शिरायचं दार म्हणजे भाषा. तुझ्या वर्गातल्या इतर मुलांकडे नाही असा एक ठेवा तुझ्याकडे आहे, तो वापर. रोमन लिपीत लिहिलेलं चिनी, म्हणजे पिनयिन, १९५८ साली अधिकृत झालं. त्यातली अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात म्हणून मुलं ती इंग्रजीसारखी वाचतात आणि तिथेच उच्चार फसतात. तू ती मराठी कानाने ऐक. 'बी' ह्या अक्षराचा उच्चार आपल्या प सारखा आहे आणि 'पी'चा फळातल्या फ सारखा, ओठ मिटून हवा सोडलेला. 'डी' म्हणजे साधारण त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क आणि 'के' म्हणजे ख. कोऱ्या आणि हवा सोडलेल्या आवाजांतला हा भेद इंग्रजी बोलणाऱ्याला मुद्दाम शिकावा लागतो, तो तुझ्या जिभेवर आजीने अंगाईबरोबर ठेवला आहे. आपल्याकडे च दोन आहेत, चिमणीतला आणि चाकातला. पिनयिनमधला 'जे' चिमणीतल्या च जवळचा आणि 'झेड' चाकातल्या च जवळचा. मी वर पेइचिंग लिहिलं ते ह्याच कारणाने; तिथली माणसं आपल्या राजधानीचं नाव असंच उच्चारतात.

सूर मात्र मराठीत नाहीत, तिथे कष्टाला पर्याय नाही. चार सूर सुट्या शब्दांवर घोकू नकोस. अख्खं वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हण. "हे कसं म्हणायचं?", "पुन्हा सांगशील?", "जरा सावकाश" आणि "माझं चुकलं की सांग", ही चार वाक्यं झोपेतून उठवलं तरी सुरासकट बोलता आली पाहिजेत. त्यांतलं चौथं सर्वांत महत्त्वाचं. चिनी माणसं पाहुण्याची चूक सहसा काढत नाहीत. दोन शब्द बोललीस तरी "किती छान बोलतेस" म्हणतील. ते कौतुक आनंदाने घे, पण त्यावर थांबू नकोस. मैत्रिणीला पहिल्याच संध्याकाळी सांग की मला तुझ्याकडून चुका काढून हव्या आहेत. एक छोटी वही जवळ ठेव आणि तिने सुधारलेलं वाक्य तिच्याच हाताने तीत लिहून घे. फोनवरचं भाषांतर हा शेवटचा उपाय. हातवारे, चित्र, वहीत काढलेलं अर्धंमुर्धं अक्षर हे सगळं आधी करून बघ. चिनी घरात दोन माणसं बोलता बोलता थांबली आणि एकीने तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवलं, असं तुला पुष्कळदा दिसेल. ती सवय तूही उचल.

तिच्या आजीचं बोलणं तुला कळलं नाही तर घाबरून जाऊ नकोस. तू शिकतेस ती प्रमाण चिनी, पेइचिंगच्या उच्चारांवर बेतलेली. शीआन ज्या शान्शी प्रांतात आहे तिथल्या जुन्या माणसांची बोली वेगळी, तिचे सूरही वेगळे. तुझी मैत्रीण घरी आजीशी एक बोलत असेल आणि शाळेत दुसरं. तूही तेच करतेस, घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी. हे तिला सांग. दोघींना जोडणारी ही गोष्ट कुठल्याही प्रेक्षणीय स्थळापेक्षा मोठी आहे.

आणि एक लक्षात ठेव: तिलाही तुझ्याशी इंग्रजी बोलायचं आहे. तुम्ही दोघी शिकायला बसला आहात. म्हणून पहिल्याच दिवशी वाटणी करून टाका. रात्रीच्या जेवणापर्यंत चिनी, जेवणानंतर इंग्रजी. चिनीच्या वेळेत तू अडखळशील, इंग्रजीच्या वेळेत ती. ती अडखळेल तेव्हा तिला पुरता वेळ दे, तिचं वाक्य तू पुरं करू नकोस. तिने तुझ्याशी जसं वागावं असं तुला वाटतं, तसंच तू तिच्याशी वाग. देवाणघेवाण ह्याहून वेगळी काही नसते.

आता घर. दारात चपला काढायच्या आणि दिलेल्या सपाता घालायच्या, हे तुला सांगायला नको. मैत्रिणीच्या आईला 'आयी' म्हण, वडिलांना 'शूशू'. आजीला काय म्हणायचं ते मात्र विचार. वडिलांच्या आईसाठी आणि आईच्या आईसाठी तिथे वेगवेगळी हाक आहे. मामा, काका, आत्या, मावशी अशी वेगळी नाती तिथेही आहेत. काका वडिलांहून थोरला की धाकटा ह्यावरूनसुद्धा हाक बदलते. इंग्रजीत काका-मामांना एकच आणि आत्या-मावशींना एकच नाव असल्यामुळे तुझ्या मित्रमैत्रिणींना हे पाठ करावं लागेल, तुला ते आपोआप उमजेल. एखाद्या रात्री तिच्याबरोबर दोन्ही घरांचे वंशवृक्ष कागदावर काढ. त्यात आजीला बोलाव. म्हातारी माणसं मुलांना घरातल्या माणसांची नावं सांगू लागली की आपोआप बोलती होतात.

तुझ्या मैत्रिणीला सख्खी भावंडं असतीलच असं नाही. एकाच मुलाचा नियम १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत होता. तो उठल्यावरही शहरांतल्या पुष्कळ घरांत एकच मूल आहे. तिचे आईवडील बहुधा स्वतःही एकुलते असतील. म्हणजे मामे, चुलत भावंडांचा जो गोतावळा आपण गृहीत धरतो तो तिच्या वाट्याला फारसा नसेल. "तुला भाऊ-बहीण का नाहीत?" असं विचारू नकोस. आपल्या भावंडांच्या गमती सांग, ती ऐकेल.

पाणी गरमच मिळेल. उन्हाळा असो की हिवाळा, तिथे गरम पाणी पितात. थंड मागितलंस तर तुझं पोट बिघडेल अशी आजीला खरोखर काळजी वाटेल. गरमच पी. चहा दूध-साखरेशिवाय असतो.

जेवणाबद्दल नीट ऐक. तू मांस-मासे खात नाहीस, अंडं खातेस. हे निघण्याआधीच तुमच्या बाईंकडून त्या घरी कळवायला सांग आणि तिथे गेल्यावर स्वतःही सांग. "मी शाकाहारी आहे" एवढं पुरत नाही. भाजी डुकराच्या चरबीत परतलेली किंवा हाडांच्या रश्शात शिजवलेली असू शकते आणि रांधणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते. तेव्हा काय चालतं ते आधी सांग: अंडं चालतं, टोफू चालतो, सगळ्या भाज्या चालतात. मग काय चालत नाही ते. आयीला स्वयंपाकाचा मार्ग मोकळा दिसला पाहिजे. शीआन हा गव्हाचा मुलूख आहे, भाताचा नव्हे. रुंद पट्ट्यांच्या ताज्या शेवया, लियांगफी नावाच्या गार शेवयांवर लाल तिखट तेल आणि व्हिनेगर, टोमॅटो-अंड्याची भाजी ह्यांवर तुझं उत्तम भागेल. आपल्या सोलापुरी जिभेला ते तिखट परकं वाटणार नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नकोस. मृतांना अन्न ठेवताना तसं करतात. ताटलीत पुन्हा पुन्हा वाढतील, तो आग्रह आहे, आपल्यासारखाच. सगळं संपवलंस की आणखी येईल. पोट भरलं की हसून सांग आणि ताटलीत थोडं राहू दे.

भेटवस्तू दोन्ही हातांनी दे आणि दोन्ही हातांनी घे. त्यांनी ती तुझ्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, तशी रीत आहे. घड्याळ देऊ नये, ते अशुभ मानतात. महाग काहीही नेऊ नकोस, त्याची परतफेड त्यांना जड होईल. पण वस्तूंपेक्षा मला तुझ्याकडून दुसरं काही हवं आहे. तुझ्या हातातलं काहीतरी त्या घरात कर. शान्शीच्या बायका लाल कागद कातरून फार सुंदर नक्षी करतात आणि खिडक्यांवर लावतात; आजीला ती येत असेल तर शिकव म्हणून मागे लाग आणि तिला तू ठिपक्यांची रांगोळी काढून दाखव. शीआनच्या स्वयंपाकघरात कणीक आणि लाटणं असतंच. आयीची परवानगी घेऊन एका संध्याकाळी पोळ्या कर, आणि त्याबरोबर आलं घातलेला दुधाचा चहा. पोळी वाकडी झाली तरी चालेल. पाहुणी स्वयंपाकघरात आली की ती पाहुणी राहत नाही.

शाळेत तुला पुष्कळ नवं दिसेल. मैदानावरची सामुदायिक कवायत. लाउडस्पीकरवरच्या सूचनांवर सगळा वर्ग डोळे मिटून डोळ्यांभोवती बोटांनी चोळतो तो डोळ्यांचा व्यायाम. दुपारी बाकावर डोकं टेकून घेतलेली झोप. मुलांनीच पाळीपाळीने झाडलेला वर्ग. ह्या सगळ्यात सामील हो, कोपऱ्यात उभी राहून फोटो काढू नकोस. मुलं रात्री उशिरापर्यंत अभ्यास करताना दिसतील. नववीच्या शेवटी त्यांची एक मोठी परीक्षा असते, तीवर चांगलं उच्च माध्यमिक विद्यालय मिळणं अवलंबून असतं. पुढे जूनमध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, काओखाओ. २०२४ साली तिला १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नावं नोंदवली होती. मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून २०२१ मध्ये सरकारने गृहपाठ कमी करायला सांगितलं आणि शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांवर कडक बंधनं घातली, तरी चुरस आहेच.

हे पाहून "बिचारी" असं म्हणू नकोस आणि "हे लोक किती मेहनती" असंही म्हणू नकोस. दोन्हींत आपण त्यांना लांबून बघतो. तुझी मैत्रीण तिच्या अभ्यासाच्या दिवसांतले काही दिवस तुला देते आहे, ह्याची जाणीव ठेव. ती गृहपाठाला बसली की तिला बाहेर चल म्हणून ओढू नकोस. तिच्या शेजारी आपली वही उघडून बस. तिच्या गणिताच्या पुस्तकातलं एक उदाहरण तू सोडवून बघ, तुझं एक तिला दे. मुकाट्याने शेजारी बसून केलेल्या अभ्यासातून जी मैत्री होते ती फिरण्यातून होत नाही.

आता थोडं अवघड. पेइचिंगमध्ये तुम्हाला युआनमिंगयुआन दाखवणार आहेत, जुन्या उन्हाळी राजवाड्याचे भग्न अवशेष. १८६० साली ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने तो लुटला आणि ब्रिटिश सेनेसोबतच्या लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने तो जाळला गेला. तिथे येणाऱ्या प्रत्येक चिनी मुलाला हे माहीत असतं. तू तिथे ब्रिटिश शाळेच्या गटातून उभी असशील. त्यामागचा इतिहास कळावा म्हणून १८३९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अफूच्या युद्धाबद्दल जाण्याआधी वाच. आणि हेही वाच की ती अफू आपल्या भूमीवर पिकत होती: बंगाल-बिहारची कलकत्त्याहून जायची आणि माळव्याची मुंबई बंदरातून. मुंबईतल्या कित्येक पेढ्या त्या व्यापारावर उभ्या राहिल्या. म्हणजे तुझ्या दोन्ही घरांचा त्या इतिहासाशी संबंध आहे. तुला त्याबद्दल खाली मान घालायची गरज नाही, तू काही केलेलं नाहीस. पण "ते फार जुनं झालं" असं मात्र तिथे कधीही म्हणू नकोस. माहिती असणं आणि शांतपणे ऐकून घेणं एवढं तुझ्याकडून अपेक्षित आहे.

कोणी विचारेल, "तू भारतीय की ब्रिटिश?" दोन्ही, असं सरळ सांग. कोणी सीमेवरून छेडेल, १९६२ चं युद्ध किंवा २०२० चं गलवान काढेल. तिथे वाद घालायला तू गेलेली नाहीस. "आमच्याकडचीही माणसं गेली, त्याचं मला वाईट वाटतं" एवढं खरं बोल आणि थांब. तुझ्या मैत्रिणीला किंवा तिच्या घरच्यांना त्यांच्या सरकारबद्दल खोदून विचारू नकोस. तू दोन आठवड्यांनी परत येशील. त्यांना तिथेच राहायचं आहे. आजीच्या पिढीने सांस्कृतिक क्रांतीची १९६६ ते १९७६ ही दहा वर्षं पाहिली आहेत. तिने आपणहून काही सांगितलं तर सगळं सोडून ऐक. नाही सांगितलं तर विषय काढू नकोस. आणि त्या घरातलं बोलणं, त्या घरातले फोटो इंटरनेटवर टाकायचे नाहीत. ते तुझ्यावर टाकलेल्या विश्वासातलं आहे.

फोनबद्दल. व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम, यूट्यूब, गूगल तिथे चालत नाहीत. वीचॅटवरून आईला रोज एकदा बोल, घड्याळ सात तास पुढे असेल हे धरून. बाकी वेळ फोन पिशवीत. पासपोर्ट कुठे ठेवायचा ते बाई सांगतील, त्यांचं ऐक. आणि हे ठळक अक्षरांत लिहिलं आहे असं समजून वाच: त्या घरात तब्येत बिघडली, किंवा कशानेही अवघडल्यासारखं वाटलं, तर मध्यरात्रीसुद्धा बाईंना फोन कर. पाहुणीने यजमानाचं मन जपावं हे खरं, पण आधी स्वतःला जपावं.

पेइचिंगहून शीआनला जाणारी गाडी सुमारे बाराशे किलोमीटर साडेचार ते सहा तासांत जाते. वाटेत शच्याच्वांग लागतं, पेइचिंगपासून तास-सव्वा तासावर. खिडकीशी बस. त्या शहरात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस विसावले आहेत. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस त्यांतले. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. तिथे ते चिनी शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, १९४१ मध्ये कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच क्वो छिंगलान ह्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. इथे त्यांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे, मागच्या सुट्टीत आपण पाहिलं ते. चीनमध्ये त्यांना 'ख तीहुआ' ह्या नावाने ओळखतात. हे नाव सुरासकट पाठ करून जा. तुमच्या मुक्कामात छिंगमिंगचा सण येतो आहे. त्या दिवशी माणसं पूर्वजांच्या कबरी साफ करून फुलं वाहतात आणि शच्याच्वांगला डॉक्टरांच्या समाधीवरही वाहतात. मैत्रिणीच्या आजीला सांग की मी त्यांच्या गावची आहे. तुझी ओळख त्या घराला ह्याहून चांगली करून देता येणार नाही. कोटणीस चीनबद्दल मत बनवायला गेले नव्हते. समोरच्या जखमी माणसाला कुठे दुखतं ते त्याच्या भाषेत विचारता यावं, म्हणून ते ती भाषा शिकले.

शीआनला मातीचे सैनिक बघशील. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना ते सापडले. ज्या सम्राटाच्या कबरीची ते राखण करतात त्याने ख्रिस्तपूर्व २२१ मध्ये सगळी राज्यं एका छत्राखाली आणली आणि लिपीही एकसारखी केली. तिथे गर्दी असेल. वेळ थोडा मिळाला तरी हळहळू नकोस. वेळ वाचव तो तायान पॅगोड्यासाठी, म्हणजे रानहंसाच्या थोरल्या मनोऱ्यासाठी. तो ६५२ साली उभारला, ज्याला आपण ह्युएन त्संग म्हणतो त्या भिक्षूने भारतातून आणलेल्या ग्रंथांसाठी. ६४५ मध्ये तो परतला तेव्हा त्याच्याजवळ ६५७ ग्रंथ होते. तो नालंदेत शीलभद्रांजवळ शिकला आणि आपल्या महाराष्ट्रातही आला होता, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळात. इथली माणसं सरळ आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. पण कितीतरी वर्षं आपल्यात राहून, संस्कृत शिकून, पायी देश तुडवून मग त्याने लेखणी उचलली.

त्याच्या चरित्रातली एक गोष्ट मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत असे. तो परत गेल्यावर ६५२ साली बोधगयेच्या मठातल्या भिक्षूंचं पत्र त्याला पोचलं, सोबत पांढऱ्या सुती कापडाचे दोन तागे. त्याने ६५४ मध्ये उत्तर पाठवलं. गुरू शीलभद्र गेल्याची बातमी कळल्याचं दुःख त्यात आहे. आणि परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना जे ग्रंथ वाहून गेले त्यांची यादी देऊन, जमल्यास ते पुन्हा पाठवा, अशी विनंतीही आहे. वाळवंटं आणि हिमालय मध्ये, उत्तराला दोन वर्षं, तरी दोन्हीकडच्यांनी संबंध तुटू दिला नाही. तुझ्या हाताशी आता क्षणात पोचणारा निरोप आहे, म्हणूनच तो तुटायची भीती जास्त आहे. पहिल्या महिन्यात रोज चित्रं पाठवाल, तिसऱ्या महिन्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग काहीच नाही. बहुतेक सहली अशाच संपतात.

तुझी तशी संपू देऊ नकोस. घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिला हाताने, चिनी अक्षरांत एक पत्र लिही. आयी आणि आजीसाठी दोन ओळी वेगळ्या. ह्युएन त्संगाने जसे हरवलेले ग्रंथ मागितले, तसं तूही तिच्याकडे काहीतरी माग: एखाद्या पदार्थाची कृती, न कळलेलं एखादं वाक्य, कागदकामाचा एखादा नमुना. मागणाऱ्या पत्राला उत्तर येतं. ती जे मागेल ते तू लगेच दे. आणि पुढच्या वर्षी त्यांच्या शाळेची मुलं तुमच्याकडे येतील तेव्हा ती आपल्याच घरी राहील हे आईबाबांशी आत्ताच ठरवून टाक. तिला काय खायला आवडतं, कशाची भीती वाटते, तिला पाणी गरम लागतं, हे तोवर तुला माहीत असेल. पाहुणी म्हणून गेलेल्या मुलीने यजमान झाल्याशिवाय ही देवाणघेवाण पुरी होत नाही.

प्रवासाला शुभेच्छा. आईला आणि बाबांना आशीर्वाद सांग. तिकडून मला लिहिशील ते त्या घराबद्दल लिही, आणि तुझ्या मैत्रिणीचं नाव चिनी अक्षरांत, तिच्याच हाताने लिहून घेऊन पाठव.

तुझी,
मावशी